गिटारच्या पोटातली सरकी

मित्रांनो, मला उचलून जरा हलवलं की माझ्या पोटात काहीतरी खडखडतं. पाहुण्यांची पोरं लगेच ओरडतात, "काहीतरी तुटलं!" तुटलेलं काही नाही. ती एक सरकी आहे, कापसाच्या बोंडातली साधी बी. ती आत कशी गेली आणि तिला कुणी बाहेर का काढत नाही, हे सांगायचं तर मला माझं सगळं आयुष्य सांगावं लागेल. तेव्हा नीट मांडी घालून बसा. मी एक जुनी गिटार आहे, आणि म्हाताऱ्या माणसांसारखी मीही एकदा सुरू झाले की लवकर थांबत नाही.

माझा जन्म कोलकात्यातला. एका गल्लीतल्या छोट्या कारखान्यात दोन कारागिरांनी मला घडवलं. बाकीच्या गिटारींची छाती पाटासारखी सपाट असते. माझी मात्र कोरून फुगीर केलेली आहे आणि तिच्यावर दोन बाजूंना दोन नागमोडी फटी आहेत. पोट पूर्ण पोकळ. "ही जाझची गिटार," असं सांगून त्यांनी मला रेल्वेत बसवून दिलं. जाझ म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल तर लाजू नका, तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. त्या संगीतात वाजवणारा एकच चाल दर वेळी नव्या वाटेनं फिरवून आणतो आणि शेवटी तिला बरोबर घरी पोचवतो.

माझ्या तारांखाली दोन पिकअप असतात, एक मानेजवळ आणि एक घोडीजवळ. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी. पिकअप म्हणजे चुंबक, आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. वरची तार थरथरली की पिकअप ती थरथर टिपतो, वायरीतून स्पीकरकडे धाडतो आणि मग लोकांना माझा आवाज ऐकू येतो. म्हणजे गळा माझा, पण जीभ पिकअपची. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ या जिभेचाच आहे.

माझे पहिले धनी नागपूरच्या रेल्वे कॉलनीतले एक गार्डसाहेब. आठवडाभर मालगाडीला हिरवी झेंडी दाखवायची आणि शनिवारी संध्याकाळी कोट चढवून मला मांडीवर घ्यायचं, असा त्यांचा नेम. माझे तेव्हाचे पिकअप फार गोड होते. आवाज जाड सायीसारखा यायचा. लोक नाचायचे, पण हळू, एकमेकांशी बोलता येईल इतपत. मी स्वतःवर जाम खूश असायचे.

दर दसऱ्याला नागपुरात दीक्षाभूमीवर माणसांचा सागर लोटतो. पुसदकडून येणाऱ्या मंडळींत उकंडा नावाचा एक तरणाबांड गाणारा असायचा. लेकरू जगावं म्हणून त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचलायची जुनी रीत होती, तिच्यावरून पडलेलं हे नाव. नाव उकिरड्याचं, पण माणूस लाखात एक. त्याची भीमगीतांची पार्टी रेल्वे कॉलनीजवळच्या मैदानात उतरायची. गार्डसाहेब एकदा तिथून जाताना थबकले. शब्द सगळे कळत नव्हते, पण त्यांचा पाय ठेका धरू लागला. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊनच मैदानात गेले. पुढं दर दसऱ्याला उकंडाची हार्मोनियम, कुणाची तरी ढोलकी आणि गार्डसाहेबांची मी, अशी बैठक ठरूनच गेली. साहेबांची बोटं बघून उकंडा माझे कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे तीन-चार सूर, वाजवायलाही शिकला. नोकरी संपवून साहेब लेकीकडे परदेशी निघाले, तेव्हा त्यांनी मला उकंडाच्या हातात दिलं. "गानेवाले घर में रहेगी तो खुश रहेगी," एवढंच म्हणाले, आणि पाठ फिरवून भराभर चालू लागले. मला फार वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

पुसदच्या एसटीत कंडक्टर उकंडाला म्हणाला, "ते टपावर टाका."

"पोरीले कोणी टपावर टाकते का?" उकंडा म्हणाला, आणि सगळा रस्ता त्यानं मला मांडीवर आणलं. तिथंच मी त्या घरची झाले.

पुसदजवळच्या गावातल्या घरी त्याची बायको रुखमाबाई होती आणि साधना नावाची खरी पोरगीही होती. साधना तेव्हा एवढीशी, पण गळा असा की पार्टीतल्या मोठ्या माणसांनी कान पकडावेत. शेजारच्या तांड्यावरचा भीमसिंग नावाचा पोरगेला गडी पार्टीचे भोंगे सांभाळायचा. अल्युमिनियमचे, धोतऱ्याच्या फुलासारखे तोंड वासलेले चार भोंगे. त्यांना तो पोटच्या पोरांसारखं जपायचा.

या पार्टीचा एक नियम होता. नवा गाणारा असो, नवा माइक असो की नवी ढोलकी, आधी गावाबाहेरच्या पडीत भोंग्यावर लावून बघायची. एक जण चालत पार नाल्यापर्यंत जायचा. तिथं नीट ऐकू आलं तर हात वर करायचा. हात वर झाला की पास. हे काम नेहमी रुखमाबाईकडे असे, कारण तिचे कान फार तिखट, आणि नवऱ्याला बरं वाटावं म्हणून हात वर करणारी ती बाई नव्हती. ढोलकीवाल्याच्या नव्याकोऱ्या ढोलकीला तिनं दोनदा नापास केलं होतं.

"शेवटच्या माणसापर्यंत शब्द गेला पाह्यजे," उकंडा म्हणायचा. "आपल्या लोकायले लय वर्सं लांब उभं ठेवलं ना? मंग लांबच्याले पयले ऐकू आलं पाह्यजे."

या नियमाबद्दल माझ्या मनात तेव्हाही आदर होता, आजही आहे. पण मित्रांनो, माझी मात्र त्यात पंचाईत झाली. पोकळ पोटाच्या गिटारीला भोंग्यासमोर उभं केलं की तिचाच आवाज फिरून तिच्या पोटात शिरतो आणि ती कोल्ह्यासारखी कुई करते. मुकुटबनच्या कार्यक्रमात मी अशी कुई केली की गावातली झाडून सगळी कुत्री साथीला आली. प्रमुख पाहुणे भाषण अर्धवट सोडून खाली बसले. पाहुण्यांना तसंही कुणी थांबवत नव्हतं, त्यामुळे गावाला ते बरंच वाटलं, पण उकंडा शरमून गेला.

त्यावर उपाय त्यानंच काढला. घरच्या शेतातला, रुखमाबाईनं वेचून आणलेला कापूस पडवीत पडला होता. त्यातली सरकी घाईघाईनं बोटांनी काढून त्यानं तो कापूस माझ्या पोटात गच्च भरला. कुई बंद झाली. पुढं माझे जुने गोड पिकअप दमट हवेनं आणि घामानं कायमचे मुके झाले. नवे निवडताना उकंडानं नियम पाळला. जे नाल्यापर्यंत पोचले ते घेतले. त्यांचा आवाज पितळी होता, टोकदार. गार्डसाहेबांनी ओळखला नसता. तरीही मी आभारीच आहे. त्या जिभेनं मी कितीतरी गावांत बोलले, आणि गाणं संपल्यावर मागच्या अंधारातून जेव्हा टाळ्या यायच्या तेव्हा त्या उकंडासाठी जेवढ्या, तेवढ्याच माझ्यासाठीही असायच्या.

मग उकंडा थकला आणि एका हिवाळ्यात गेला. पार्टीत कीबोर्ड आला. एकटाच ढोलकी, बासरी, गिटार सगळं वाजवतो म्हटल्यावर मला कोण विचारणार? साधनानं मला बापाच्या शालीत गुंडाळून कपाटावर ठेवलं. ती आता मोठी झाली होती, लग्न होऊन याच गावात नांदत होती, शिवणकाम करत होती आणि पार्टीत गात होती. माझ्यावर धूळ बसायची. पण शाल होती, आणि शालीला उकंडाच्या तंबाखूचा वास होता. उपेक्षेतसुद्धा एखाद्याला इतकं मिळतं, हे विसरू नये.

आता खरी गोष्ट ऐका. दोन वर्षांपूर्वी साधनाच्या गळ्यात गाठ निघाली. यवतमाळला ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, जीव वाचला, सगळ्यांनी हुश्श केलं. पण आवाज परत आला तो दुसराच. खालचा, मऊ, थोडा खरखरीत. कीबोर्ड आणि भोंगे यांच्यात तो कुठं बुडायचा तिलाच कळायचं नाही. तिनं गाणं सोडलं. कुणी विचारलं की म्हणायची, "ब्लाउजा शिवायच्या पडल्यात," आणि मशीनचं चाक फिरवायची. घरात तिचं गुणगुणणंसुद्धा थांबलं. कपाटावरून मला ते सगळं ऐकू यायचं, म्हणजे काहीच ऐकू यायचं नाही.

तिचा मुलगा अश्वजित पुसदच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. आजोबांनी त्याला मांडीवर घेऊन माझे कॉर्ड शिकवले होते, गार्डसाहेबांचे जाड, भरलेले कॉर्ड. बुद्धपौर्णिमेला विहारात साधनानं एक तरी गाणं म्हणावं असा गावाचा आग्रह होता. अश्वजितनं मला खाली काढलं. शाल सोडली. माझा एक पिकअप मेला होता आणि दुसरा पापड तळल्यासारखा तडतडत होता.

"आई, कीबोर्ड नोको. आजोबाच्या गिटारीवर म्हण," तो म्हणाला. "मी तिले नवे पिकअप बसवतो. वॉर्म आवाजाचे."

"वैशाखात गरम आवाज कायले पाह्यजे रे?" साधना म्हणाली.

"गरम नाई वं. थंडीत गोधडीत शिरल्यावर वाटते ना, तसा."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "बरं. एक डाव म्हणून पाहू. नाई जमलं तं मंग माह्यापाशी गाण्याचं नाव काढू नोको कोणी."

तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.  या खेपेला माझी जीभ नीट निघाली नाही, तर ही बाई जन्मभर गप्प बसणार होती.

अश्वजितनं नागपूरच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून पिकअपचे तीन जोड आणले. पसंत पडेल तो ठेवा, बाकीचे वायरी न कापता परत करा, असा सौदा. माप माझ्या जुन्या पिकअपचंच होतं, म्हणून माझ्यावर करवत चालली नाही. भीमसिंगचं आता पुसदला साउंड सर्विसचं दुकान आहे. जुने पिकअप त्यानंच काढले. भोकातून आत बघतो तर पांढरंफेक.

"अरे, दादाचा कापूस!" तो म्हणाला. "काढू का, साधनाताई?"

"हात नोको लावू, भीमसिंग भाऊ. बाबाच्या हातचा हाय तो."

कापूस राहिला. आणि पिकअप कसे निवडायचे हा प्रश्न तर कुणाला पडलाच नाही. पार्टीचा नियम होता ना! भोंगे पडीत नेले, मला जोडलं, अश्वजित वाजवायला उभा राहिला. रुखमाबाई आता ऐंशीच्या घरातली, कान पूर्वीचे राहिले नव्हते. तरी छत्री उघडून, काठी टेकत ती नाल्याच्या वाटेला लागली. आम्ही सगळे तिच्या छत्रीकडे बघत राहिलो.

पहिला जोड पहिलवान होता. चुंबक जबरदस्त, गुंडाळी भरगच्च. भोंग्यातून आवाज फाटून बाहेर आला आणि बाभळीवरचे बगळे उडाले. छत्री हलली, हात वर झाला नाही. दुसरा जोड एकेरी गुंडाळीचा, चकचकीत. चांदीच्या वाटीवर चमचा मारावा तसा त्याचा सूर रान कापत गेला. रुखमाबाईचा हात लगेच वर झाला. तिसऱ्या जोडात दोन गुंडाळ्या शेजारीशेजारी होत्या आणि चुंबक जरा मवाळ. तो लावला तर भोंग्यातून असं काही निघालं, जसं कुणी ओल्या पोत्याआडून बोलतंय.

"हा तं मेला हाय," भीमसिंग म्हणाला आणि त्यानं तो जोड बिस्किटांच्या डब्यात टाकून दिला.

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी ओरडले असते. भोंगा हा भोंगा असतो. त्याला खालचा, भरीव सूर झेपतच नाही, तो फक्त वरचा टोकदार सूर लांब फेकतो. मवाळ पिकअपला भोंग्यावर जोखणं म्हणजे श्रीखंड चाळणीत ओतून मोजण्यासारखं. पण नियम उकंडाचा होता, आणि उकंडावर सगळ्यांची माया होती. मायेनं केलेली चूक कुणाला चूक वाटत नाही.

दुसरा जोड पक्का झाला. संध्याकाळी विहारात सराव ठेवला. साधना पांढरी साडी नेसून आली. अश्वजितनं सुरुवात केली आणि तिनं पहिली ओळ उचलली. माझा चांदीचा चमचा तिच्या मऊ आवाजावर टणटण आपटत होता. तिनं आवाज वाढवायचा प्रयत्न केला, गळ्यावरच्या व्रणावर हात ठेवला, दुसऱ्या ओळीला थांबली.

"राहू दे रे, बाबू," ती म्हणाली. "माहा आवाजच गेला. मी पौर्णिमेले खीर वाटतो सगळ्यायले. तेबी पुण्याचंच काम हाय."

ती उठून गेली. अश्वजित खाली मान घालून बसला होता. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती, मुकुटबनच्या कुत्र्यांसमोरही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मला घरी समोरच्या खोलीत घेतलं होतं. पिकअप काढून तिन्ही जोड परत करायचे, असं त्यानं ठरवलं होतं. बाहेर वैशाखाचं ऊन, कूलर घरघरत होता, साधना मशीनवर बसली होती. एवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला आणि घर एकदम शांत झालं. अंगात त्राण नसल्यासारखा अश्वजित नुसता माझ्या तारांवरून बोटं फिरवू लागला. वायर नाही, स्पीकर नाही, फक्त माझं लाकूड. कापूस भरलेलं असलं तरी लाकूड ते लाकूडच. हळूहळू त्याच्या बोटांत आजोबांचे कॉर्ड आले.

साधनाच्या मशीनला लाइट लागत नाही. तिचा पाय खालच्या पायपट्टीवर चालूच होता. तो पाय ठेक्यात आला. आणि मग, शिवता शिवता, खाली बघत, तिनं उकंडानंच बांधलेलं एक गाणं धरलं. रानात काम करणाऱ्या आईनं पाठीवरच्या लेकराला शाळेची वाट दाखवायची, असं ते गाणं होतं. पूर्वी ती ते उंच गायची. आता खालच्या सुरात गात होती, आणि खरं सांगते, त्या सुरात ती आई पहिल्यांदा खरीखुरी थकलेली वाटली. अश्वजितनं मान वर केली नाही. तिच्याकडे पाहिलं तर ती थांबेल, अशी त्याला भीती होती. मला तर रडूच फुटलं असतं, पण लाकडाला ती सोय नाही.

लाइट आली. कूलर धडधडू लागला. साधना थांबली.

"आई, तू आता गायली."

"मी कुठं? मी शिवून राह्यलो."

"अख्खं गाणं गायली. आवाज तुहा गेला नाई, आई. आपणच त्याले नाल्यापर्यंत पाठवून राह्यलो होतो."

ती सुईत दोरा ओवायला लागली, पण दोरा सुईत जाईना.

अश्वजित मला पाठीला लावून तसाच मोटरसायकलवर भीमसिंगच्या दुकानी गेला. बिस्किटांचा डबा सोबत होता. भीमसिंगनं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"दादाचा नियम हाय, बेटा. भोंग्यावर टिकलं तेच खरं."

"मामा, विहार केवढा हाय? त्यात नाला हाय का कुठं?"

भीमसिंगनं डोकं खाजवलं. मग दुकानाच्या मागून त्यानं एक जुना लाकडी स्पीकरचा डबा काढला, धूळ झटकली, रस्त्याचा गोंगाट येऊ नये म्हणून शटर अर्ध्यावर ओढलं. तिसरा जोड बसवला. पिकअप तारांपासून जरा खाली ठेवले, म्हणजे चुंबकानं तारेला फार ओढू नये. अश्वजितनं एकच कॉर्ड वाजवला.

भीमसिंग स्टुलावर बसला.

"याडी वो," तो त्याच्या बोलीत आईला हाक मारून म्हणाला. "हा तं हिचा पयला आवाज हाय. दादानं हिले नागपूरहून आणली तवाचा. मी तवा पोट्टा होतो." त्यानं कान माझ्या छातीशी आणला. शेवटी म्हणाला, "अजून दबून हाय मात्र. कापूस हाय ना आत."

संध्याकाळी दोघं मला घेऊन घरी आले. पिकअप पुन्हा सोडवून माझं पोट उघडं करून मला साधनासमोर ठेवलं.  तिनं आत बघितलं. रुखमाबाई दाराशी बसून बघत होती.

"बाबानं हिले भोंग्यासाठी बांधलं होतं," साधना शेवटी म्हणाली. "आता भोंगा नाई."

आणि तिनं स्वतःच्या बोटांनी तो कापूस ओढायला सुरुवात केली. तो पिवळा पडला होता, गोळे झाले होते. एकेक गोळा ती मांडीवर ठेवत गेली. इतकी वर्षं श्वास रोखून धरला होता हे मला तेव्हा कळलं. सगळा निघाला, फक्त एक सरकी आतल्या कोपऱ्यात घरंगळली. अश्वजित चिमटा घेऊन तिच्या मागं लागला.

"राहू दे," रुखमाबाई म्हणाली. "तेवढं त्याचं राहू दे तिच्यापाशी."

त्या कापसाची साधनानं छोटी उशी शिवली. मी आडवी निजले की माझी मान त्या उशीवर असते.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारात सतरंज्या अंथरल्या होत्या. वंदना झाली. लोकांनी भोंगे शोधले. "आज सुट्टीवर हायेत," भीमसिंगनं सांगितलं, आणि तो लाकडी डब्याजवळ बसला. भोंग्याविना कार्यक्रमाला यायची त्याची ही पहिलीच वेळ. हात कुठं ठेवावे त्याला समजत नव्हतं.

अश्वजितनं सूर धरला. माझ्या आवाजात तीच साय होती, गार्डसाहेबांच्या वेळची. तिच्या मधोमध साधनाच्या आवाजाला बसायला जागा होती. तिनं गाणं धरलं. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, आणि दारातून हाक आली.

"साधना वं, इकडं ऐकू नाई येत! वाढवा थोडा!"

रुखमाबाई होती. आयुष्यभराच्या सवयीनं ती सगळ्यात मागं, चपलांजवळ बसली होती. साधना अडखळली. तिचा हात गळ्याकडे गेला. भीमसिंगचा हात बटणाकडे गेला, आणि तिथंच थांबला. मग तो उठून उभा राहिला.

"वहिनी, आज आवाज नाई वाढत," तो म्हणाला. "आज तुम्हीच समोर या."

 मग बायांनी गुडघे आवळून वाट केली. रुखमाबाई काठी टेकत, संकोचत, माणसांमधून पुढं आली आणि लेकीच्या अगदी समोर बसली. तिच्यामागून सगळेच सतरंजीवरून सरकत पुढं आले. दाराजवळची जागा रिकामी झाली. लांब असं कुणी उरलंच नाही.

साधनानं गाणं पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी तिनं गळ्याला हात लावला नाही. शेवटच्या कडव्यात ती आई लेकराला शाळेच्या दारात सोडते आणि मागं वळते, तिथं तिचा आवाज इतका खाली उतरला की पंखा बंद करायला हवा होता. कुणीतरी केलाही. गाणं संपलं. टाळ्या पडल्या नाहीत, सगळे रुखमाबाईकडे बघत होते. तिनं डोळे पुसले, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि आपला हात वर केला.

मित्रांनो, तेव्हापासून साधना गाते. तिच्या आवाजाला पुरेल तेवढ्या घोळक्यात गाते, आणि मी तिच्या बाजूला असते. मला ऊन दाखवू नका, ओल लागू देऊ नका, तारा गंजल्या तर बदला, एवढं तर कोणतंही वाद्य मागेल. मला आणखी एक मागायचं आहे. तुमच्या घरात कुणाचा आवाज लहान झाला असेल, आजारानं, वयानं किंवा नुसत्या दुःखानं, तर त्याला मोठ्यानं बोल म्हणू नका. तुम्हीच जरा समोर या.

दोन कारागिरांची, गार्डसाहेबांची, शालीत गुंडाळणाऱ्या हातांची, बिस्किटांच्या डब्याचीसुद्धा मी ऋणी आहे. आणि मला पुसायला घेतलंत तर बिनधास्त पुसा. हलवलं की पोटात ती सरकी खडखडेल. ते ऐका, आणि मला तशीच जागेवर ठेवा. त्या खडखडीतून उकंडा अजून नाल्यापर्यंतचा अंदाज घेत असतो.